नेव्हिलचा ट्यूबा आणि रुखसानाचं सॉल्ट

"एक काहीतरी घराबाहेर ठेव," डॉरीन म्हणत होती. "ट्यूबा नाहीतर तंबाखू. दोन्ही मला झेपायचे नाहीत."

"दोन्ही एकाच तोंडानं चालतात. मी काय करू?" नेव्हिल म्हणाला.

"मग तोंड बाहेर ठेव."

हे भांडण मी भिंतीपलीकडून ऐकलं, त्याला आता खूप वर्षं झाली. मुद्दाम कान लावला नव्हता. आमच्या रांगेतल्या घरांच्या भिंतीच अशा, की शेजारी अंडं उकडत ठेवलं तर ते झालं की नाही हे आपल्याला आधी कळतं. मी इस्त्री करत होते. जरा थांबले एवढंच, आणि इस्त्री थांबवली म्हणजे कान लावला असं होत नाही.

त्यांचं लग्न नवंनवं होतं. नेव्हिल बटरवर्थ त्या घरात आला तो दोन गोष्टी घेऊन. एक, आमच्या थॉर्नक्लफ गावच्या ब्रास बँडचा ट्यूबा, म्हणजे तो सगळ्यात मोठा पितळी भोंगा, गाईच्या वासराएवढा. दुसरी, तंबाखूची पत्र्याची डबी. भांडणाचा निकाल असा लागला की दोन्ही राहिले. तंबाखूला मागच्या अंगणात कोळशाची पेटी आणि कचऱ्याचा डबा यांच्या मधली जागा मिळाली. पाऊस असो, बर्फ असो, नेव्हिल तिथं उभा राहून ओढायचा. ट्यूबाला मात्र पुढची खोली मिळाली, चांगल्या खुर्चीसकट. पाहुणे आले की स्वयंपाकघरात बसायचे. चर्चचे पाद्रीबुवासुद्धा. डॉरीन त्यांना सांगायची, "पुढं बसा म्हटलं असतं, पण तिथं तो बसलाय."

नेव्हिलचं काम घरांच्या छपरावर दगडी कौलं बसवायचं. माणूस अंगानं बारका, बोलायला त्याहून बारका. शिडीवर एका हातानं सिगारेट वळायचा आणि दुसऱ्या हातानं कौल धरायचा. काहीही विचारलं की उत्तर एकच, "बघू." लग्नाचं विचारलं तेव्हाही तो "बघू" म्हणाला होता, असं डॉरीन सांगते. पण बँडमध्ये ट्यूबा खांद्याला लावला की हाच माणूस सगळ्या गल्लीच्या काचा हलवायचा. मिरवणुकीत मागून पाहिलं तर वर टोपी दिसायची, खाली बूट दिसायचे आणि मधे नुसतं पितळ चालायचं.

तारुण्यात श्वास उसना मिळतो. म्हातारपणी तो परत मागितला जातो. नेव्हिलचा व्हिट फ्रायडेला मागितला गेला.

व्हिट फ्रायडे म्हणजे आमच्या खोऱ्यात बँडांचा दिवस. दुपारपासून सगळे बँड बसमध्ये बसून या गावातून त्या गावात जातात. प्रत्येक गावात रस्त्यानं वाजवत चढायचं, मग मैदानात उभं राहून एक मार्च वाजवायचा. परीक्षक पडदे ओढून गाडीत कोंडून घेतलेला, म्हणजे कुठला बँड वाजतोय हे त्याला दिसू नये. त्या वर्षी तिसऱ्या गावाच्या चढावर, वाजवता वाजवता, नेव्हिल थांबला आणि एका भिंतीला टेकला. पुढची रांग पुढं गेली. मागची रांग पाणी जसं दगडाला वळसा घालतं तशी त्याला वळसा घालून गेली. मैदानात तो पोचला, पण मार्चचा शेवटचा लांब सूर त्यानं मधेच सोडला.

पुढच्या आठवड्यात बँडमास्तर आयव्हर लीस त्यांच्या घरी आला. मी केक घेऊन गेले होते, तेव्हा स्वयंपाकघरात मीही होतेच.

"नेव्ह, शेवटचा सूर तू सोडलास," आयव्हर म्हणाला.

"सोडला नाही. श्वास घेतला."

"तिथं श्वास घ्यायचा नसतो."

"तुला हातात काठी धरून बोलायला काय जातं?"

आयव्हरनं चहा ढवळला. साखर तो घेत नाही, तरी ढवळला. "हे बघ. ब्रेंडा क्लेग आपल्याकडे यायचं म्हणतेय. शॉ गावच्या तलावावर पोहायला शिकवते ना, ती. ट्यूबा वाजवते आणि फुप्फुसं अशी आहेत तिची..."

"तिची फुप्फुसं तू कधी पाहिलीस?" डॉरीननं विचारलं.

आयव्हर कानापर्यंत लाल झाला. पण बोलायचं ते बोललाच. "पुढच्या व्हिट फ्रायडेला तो सूर पुरा धरलास तर ट्यूबा तुझ्याकडे. नाहीतर तो ब्रेंडाकडे जाईल. वाद्य बँडचं आहे, नेव्ह. माझा इलाज नाही."

तो गेला. नेव्हिल पुढच्या खोलीच्या दाराकडे बघत होता. आजारी माणूस आत झोपलेला असावा तसा.

"सिगारेट सोडावी लागेल," डॉरीन म्हणाली.

"बघू," तो म्हणाला. पण हे "बघू" नेहमीचं नव्हतं.

मग सुरू झाली ती सोडायची मोहीम. दवाखान्यातल्या नर्सनं आधी दंडाला लावायच्या निकोटिनच्या चिकटपट्ट्या दिल्या. त्या घामानं सुटायच्या. एक तर डॉरीनच्या उशीला चिकटलेली सापडली, आणि ती म्हणाली की म्हणूनच आपल्याला रात्रभर रंगीत स्वप्नं पडली. मग तसलंच च्युइंगम आलं. ते नेव्हिलच्या कवळीला असं बसलं की कवळी काढायला मला बोलवावं लागलं. सांगायची गोष्ट नाही, पण झालं तसं झालं.

मग डॉरीनचा भाऊ रॉय त्याचं व्हेपचं, म्हणजे विजेवरच्या सिगारेटचं, मशीन घेऊन आला. रॉयनं स्वतः त्याच्यावरच सिगारेट सोडली होती आणि नव्यानं धर्म बदललेल्या माणसासारखा तो सगळ्यांना सांगत फिरायचा. मशीन म्हणजे भलंमोठं, हातात धरलं की जणू भाजलेली वीट. वर काचेची टाकी. टाकीत गोडगोड दाट लिक्विड, कस्टर्डच्या वासाचं. रॉयनं एक झुरका मारला आणि सोडला, तेव्हा मला वाटलं सासूबाईंचा जुना बंब फुटला.

"यात निकोटिन अगदी थोडं असतं," रॉय म्हणाला, "पण वाफ बघ की."

वाफ बघायला हरकत नव्हती. वाफेशिवाय दुसरं काही दिसतच नव्हतं. नेव्हिल दिवसभर ते ओढायचा. डॉरीनला टीव्हीवरची माणसं ओळखू येईनात. समोरच्या हॅडफील्डनं एकदा अग्निशमनवाल्यांना फोन केला. आणि इतकं करून नेव्हिलची तलफ जाग्यावरच. पातळ चहा कितीही प्यायला तरी चहा प्यायल्यासारखं वाटू नये तसं. तो हळूच मागच्या अंगणात जाऊन एक सिगारेट वळायचा. मला खिडकीतून दिसायचं. मी डॉरीनला सांगितलं नाही. तिच्याच खिडकीतून तिलाही दिसत होतं.

मग त्यानं तसलंच पण कडक लिक्विड आणलं, निकोटिन भरपूर असलेलं. पहिल्याच झुरक्याला असा खोकला की दोन घरं पलीकडे कुत्रं भुंकलं.

"घशात कुणी कौलाची कड घासतंय," तो म्हणाला.

म्हणजे पेच असा होता. हलकं घेतलं तर तलफ भागत नाही आणि मग सिगारेट येते. कडक घेतलं तर घसा सोलून निघतो आणि खोकला येतो. खोकणारा माणूस ट्यूबात काय फुंकणार? हिवाळा आला, ख्रिसमसची गाणी झाली, आणि नेव्हिलचा सूर अजून तिथंच तुटत होता. मंगळवारच्या सरावाला ब्रेंडा क्लेग मागच्या बाकावर येऊन बसायला लागली. नुसती ऐकायला, म्हणायची. पाठ ताठ, खांदे रुंद, आणि डब्यात उकडलेली अंडी.

शेवटी मीच म्हटलं, "आपण रुखसानाकडे जाऊ."

रुखसाना मलिकचं व्हेपचं दुकान बाजाराच्या कोपऱ्यावर आहे, पूर्वी जिथं वजडीचं दुकान होतं. पांढऱ्या फरशा अजून त्याच आहेत. तिचे वडील माझ्या नवऱ्याबरोबर गिरणीत होते, म्हणून मी हिल्डा आंटी. तिची बोली आमच्या खोऱ्याची, आमच्यापेक्षा जास्तच. तिनं नेव्हिलला स्टुलावर बसवलं आणि रॉयचं मशीन हातात घेऊन पाहिलं.

"अंकल नेव्ह, दिवसाला सिगारेटी किती ओढायचात?"

"डबीभर."

"आणि एवढी डबी सोडून हे हलकं पाणी पिताय. आग विझायची कशी?"

"कडक पण घेतलं. घसा सोलला."

"सोलणारच. ते साधं निकोटिन आहे. उग्र. थोडं असलं तोवर घसा गप्प बसतो, जास्त झालं की ओरडतो." तिनं मागच्या फळीवरून एक बोटभर बाटली काढली. "हे सॉल्ट. निकोटिन तेच, पण त्यात जरासं आम्ल मिसळलेलं असतं. त्यानं उग्रपणा मरतो. मग तेवढंच कडक निकोटिन घशाला न बोचता आत जातं. आणि डोक्याला पण लवकर पोचतं, जवळजवळ सिगारेटसारखं. म्हणून तलफ भागते."

"आंबट घातलं की मऊ होतं?" नेव्हिलला पटेना.

"माझी अम्मी कारल्याला चिंच लावते. खाऊन बघा एकदा, मग कळेल."

डॉरीनला वेगळीच काळजी. "अगं, डॉक्टरांनी त्याला मीठ कमी करायला सांगितलंय."

"ते चिप्सवरचं मीठ, डॉरीन आंटी. ह्याला नुसतं नाव आहे." मग रुखसानानं एक छोटं मशीन काढलं, लिपस्टिकपेक्षा थोडं मोठं. "हे सॉल्ट ह्याच्यातच घालायचं. छोटं मशीन, छोटा झुरका, पातळ लिक्विड. रॉयचं मशीन एका झुरक्यात जेवढी वाफ काढतं तेवढी काढायला ह्याला कितीतरी झुरके लागतात. म्हणून मोठ्या मशीनमध्ये हलकं घालायचं आणि छोट्यात कडक. अदलाबदल करायची नाही. ऐकलंत?"

"बघू," नेव्हिल म्हणाला.

"बघू नाही. अदलाबदल नाही."

मीही वास घेऊन पाहिला. पुदिन्याचा छान वास होता. म्हटलं, मलाही एक दे.

"तुम्ही सिगारेट ओढता?"

"मी? कधीच नाही."

"मग कशाला लावून घेताय? ओढणाऱ्याची सिगारेट सुटावी म्हणून हे. सवय ह्याचीपण लागते. बाहेर जा आणि हवा खा, फुकट आहे." आणि मला बिस्किट दिलं.

आता काय सांगू. चार-सहा झुरके मारले नेव्हिलनं, बाजाराच्या बाकावर बसून. आम्ही दोघी दोन बाजूंनी वाकून बघत होतो, अंड्यातून पिल्लू निघतंय की काय अशा. खोकला नाही. ढग नाही. त्याचे खांदे हळूच खाली आले. मग तो म्हणाला, "हं." लग्नानंतर डॉरीननं त्याच्या तोंडून ऐकलेला हा सर्वांत मोठा आनंद.

त्या आठवड्यापासून अंगणातली सिगारेट गेली. तंबाखूची डबी डॉरीननं धुतली आणि बटणं ठेवायला घेतली. वसंत येईपर्यंत नेव्हिल डोंगरावरच्या पायवाटेनं वरपर्यंत जाऊन येऊ लागला. ट्यूबाचा सूर रोज थोडा थोडा लांबत होता. भिंतीपलीकडून मी बटाटे सोलत ऐकायची. आधी अर्धा बटाटा होईपर्यंत टिकायचा, मग एक, मग एक संपवून दुसरा हातात घेईपर्यंत. ईस्टरनंतर आयव्हर सरावात त्याच्याकडे मान वळवून पाहू लागला. ब्रेंडा मात्र मागच्या बाकावर येतच राहिली, अंडी घेऊन.

आणि मग तो व्हिट फ्रायडे आला.

सकाळी डॉरीननं बँडची पॅंट धुतली. डाग पडला होता म्हणून. खिशात हात घालून पाहायला विसरली. छोटं मशीन साबणाच्या पाण्यात पाऊण तास फिरलं आणि बाहेर आलं ते चकचकीत आणि मेलेलं.

"कोरडं कर त्याला," नेव्हिल म्हणाला.

"तांदळात ठेवलंय."

"पेटत नाही ते."

"ते पेटायला नकोच, नेव्ह. वीज आहे त्यात."

रुखसानाचं दुकान बंद. व्हिट फ्रायडेला दुपारी सगळ्या खोऱ्यात काही उघडं नसतं. ती स्वतः पलीकडच्या गावात चर्चच्या छपराच्या वर्गणीसाठी सामोसे विकत बसली होती. नेव्हिलची बेचैनी वाढत चालली. बसची वेळ जवळ आली. एकदा त्यानं हॅडफील्डच्या सिगारेटच्या पाकिटाकडे पाहिलं, ते मी पाहिलं. पण हात नाही लावला, ते खरं. त्याऐवजी बँडच्या खोलीमागे रॉय उभा होता, त्याची वीट घेऊन. नेव्हिलनं त्याच्याकडून ती मागून घेतली, टाकी रिकामी केली आणि खिशातली सॉल्टची बाटली तिच्यात ओतली.

नंतर मी त्याला विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "घशाला काही लागलं नाही, हिल्डा. मला वाटलं, काही जातच नाहीये. म्हणून अजून दोन मोठे घेतले."

तेच तर. साधं कडक लिक्विड असतं तर पहिल्या झुरक्याला घशानं बोंब मारली असती आणि हा वाचला असता. सॉल्ट बिचारं सभ्य. दार न वाजवता आत येतं. छोट्या मशीनमधून एकेक पाहुणा येतो. रॉयच्या विटेतून सगळी वरात एकदम आत शिरली.

बँड सूर जुळवायला उभा राहिला. नेव्हिलनं ट्यूबा उचलला आणि फुंकला.

पूं, हिक्, पूं.

आयव्हरनं वर पाहिलं. "हे काय?"

"काही नाही," नेव्हिल म्हणाला. "हिक्."

त्याचा चेहरा उकडून चेचलेल्या वाटाण्यासारखा हिरवट झाला होता. कपाळावर घाम. मग तो हळूच रस्त्याच्या कडेला बसला, ट्यूबा मांडीवर घेऊन, आणि म्हणाला की रस्ता हलतोय. मी रुखसानाला फोन लावला.

"किती झुरके घेतले?" तिनं विचारलं. मागे तेल चुरचुरत होतं.

"पाच-सहा म्हणतोय."

"कशातून?"

मी नेव्हिलकडे पाहिलं. त्यानं आकाशाकडे पाहिलं.

"हिल्डा आंटी, त्यांना विचारा, कशातून."

"रॉयच्या विटेतून."

पलीकडे कढईत झारा आपटल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "ते मशीन काढून घ्या आणि रॉयला मारा. अंकलना मोकळ्या हवेत बसवा, घोट घोट पाणी द्या, अजून काही ओढू देऊ नका. तासाभरात उतरतं बहुतेक. पण उलट्या थांबल्या नाहीत किंवा छाती वेडीवाकडी धडधडायला लागली तर लगेच अँब्युलन्स बोलवा, शहाणपणा करू नका."

डॉरीन त्याच्या मानेवर ओला रुमाल ठेवत होती. "इतकी वर्षं तंबाखूनं मेला नाहीस," ती म्हणाली, "आज पुदिन्यानं मरतोस?"

"हिक्," नेव्हिल म्हणाला.

बस थांबणार नव्हती. आयव्हर समोर येऊन उभा राहिला. तो वाईट माणूस नाही, पण तीन गावं आणि एकच संध्याकाळ. "नेव्ह, तू बसमध्ये बस. ब्रेंडा, तू घे."

ब्रेंडानं नेव्हिलच्या मांडीवरून ट्यूबा उचलला. टोपली उचलावी तसा, एका दमात. नेव्हिलचे हात क्षणभर तसेच हवेत गोल राहिले.

पहिल्या गावात आम्ही तिघं चर्चच्या भिंतीवर बसलो. नेव्हिल मधे, हातात पाण्याची बाटली आणि पायाशी बादली. खाली रस्त्यानं थॉर्नक्लफचा बँड वाजवत वर आला. आपला बँड त्यानं कधी बाहेरून ऐकला नव्हता. नेहमी आतच असायचा ना.

"हिल्डा," तो म्हणाला, "आम्ही असे वाजतो?"

"असेच."

"बरं वाजतं की. हिक्."

मैदानात त्यांनी मार्च वाजवला. शेवटचा सूर आला. ब्रेंडानं तो धरला, जाड, सरळ, ओट्यावर ठेवलेल्या पावासारखा. जरासुद्धा हलला नाही. परीक्षकाच्या गाडीचे पडदेदेखील ऐकत असावेत असं वाटलं.

नेव्हिलनं बाटलीतलं पाणी संपवलं. मग म्हणाला, "बाईकडे श्वास आहे."

डॉरीननं त्याचा हात हातात घेतला. तिनं चारचौघांत त्याचा हात धरलेला मी तेव्हाच पाहिला. आणि लगेच सोडला पण, म्हणाली, "किती घामट झालायस."

दुसऱ्या गावातही तेच. आम्ही भिंतीवर, ब्रेंडा मैदानात. उचक्या मात्र विरळ होत चालल्या. तोंडाचा हिरवा रंग जाऊन राखाडी आला, राखाडी जाऊन त्याचा नेहमीचा. रुखसाना याच गावात होती, ती सामोशांचं ताट तसंच सोडून धावत आली, त्याची नाडी पाहिली, डोळे पाहिले, आणि मग त्याला जे बोलली ते मी लिहीत नाही. तिच्या अम्मीनं ऐकलं असतं तर तिला घरात घेतलं नसतं. शेवटी तिनं त्याला एक साधा कोरडा टोस्ट खायला लावला.

"आता वाजवू?" त्यानं विचारलं. उचकी आली नाही.

"चक्कर येतेय?"

"नाही."

"खरं?"

"रस्ता जागेवर आहे."

"मग तुमची मर्जी. छातीत काही वाटलं तर खाली बसायचं, सूर गेला खड्ड्यात."

तिसरं गाव म्हणजे तो चढ. बसमधून उतरल्यावर नेव्हिल सरळ ब्रेंडासमोर जाऊन उभा राहिला. दोन्ही हात पुढे केले. मला वाटलं, आता काय होतंय. आयव्हरनं तोंड उघडलं होतं.

ब्रेंडानं ट्यूबाचं तोंड आपल्या बाहीनं पुसलं आणि त्याच्या हातात दिला. "गरम करून ठेवलाय," ती म्हणाली. "तिसरी कळ जरा चिकटतेय."

"ती चिकटतेच," नेव्हिल म्हणाला. "तिला प्रेमानं घ्यायचं."

चढाला लागले. मागून पाहिलं तर वर टोपी, खाली बूट. ती भिंत आली, जिथं तो मागच्या वर्षी टेकला होता. बूट थांबले नाहीत. डॉरीन फुटपाथवरून बरोबरीनं चालत होती, ओठ घट्ट मिटून, जणू त्याचा श्वास तिनं तोंडात धरून ठेवला होता. मी मागे पडले. मी तो चढ आता डॉक्टरला विचारूनच चढायचा.

मैदानात मार्च सुरू झाला. मला संगीतातलं काही कळत नाही, पण शेवटचा सूर कुठं येतो ते मला चांगलं माहीत होतं, सगळे बटाटे त्यावर सोलले होते. तो आला. सगळ्या बँडनं धरला. नेव्हिलची मान लाल झाली, टोपी थरथरू लागली. आणि आयव्हर. त्यानं काठी वर धरली ती खाली आणायचं नावच घेईना. नेव्हिलकडे बघत होता, नेव्हिल त्याच्याकडे. दोन म्हातारे एकमेकांना बघून घेत होते आणि मधे पंचवीस माणसं उगाच निळी पडत होती. कॉर्नेट म्हणजे छोटा भोंगा वाजवणारी पोरं तर मरायला टेकली.

शेवटी काठी खाली आली. सगळे थांबले. नेव्हिल थांबला नाही. आणखी थोडा वेळ तो एकटाच वाजत राहिला, सगळ्या शांत मैदानावर, म्हणजे कुणाला शंका राहू नये. मग थांबला.

बक्षीस आम्हाला कुठल्याच गावात मिळालं नाही. परीक्षकांचा शेरा नंतर वाचून दाखवला गेला, त्यात म्हटलं होतं की शेवटी ट्यूबाचा उत्साह जरा जास्त झाला. डॉरीन ते वाक्य पुढं प्रत्येक भांडणात वापरायची.

आयव्हर बसमध्ये त्याच्या शेजारी बसला. "ठीक आहे," म्हणाला. "ठेव घरी."

"ठेवणारच होतो," नेव्हिल म्हणाला.

बँडच्या खोलीच्या माळ्यावर एक जुना, चेपलेला ट्यूबा होता. तो ब्रेंडाला दिला. ती नेव्हिलच्या शेजारी बसू लागली, आणि दोघं सरावभर कुजबुजत भांडायचे, कुणाचा सूर कुणावर चढतो यावरून. तिची अंडी तो खायचा. रॉयची वीट डॉरीननं कपाटावर ठेवली होती, ती रॉयला परत मिळालीच नाही. नवं छोटं मशीन आलं ते नेव्हिलनं पॅंटच्या नाही, शर्टाच्या खिशात ठेवायला सुरुवात केली. रुखसाना दर काही महिन्यांनी त्याच्या सॉल्टचं प्रमाण खाली आणायची, त्याला न सांगता असं तिला वाटायचं. त्याला कळायचं. नर्स म्हणायची, सिगारेट सुटली हे उत्तम, आता हेही सोडा. तो म्हणायचा, "बघू."

त्यानंतर त्यानं तीन व्हिट फ्रायडे वाजवले. या वर्षी वसंतात, एका बुधवारी सकाळी, नाश्ता करून तो खुर्चीत बसला आणि तिथंच गेला. डॉरीनला वाटलं, पेपर वाचतोय. ट्यूबा आता ब्रेंडाकडे आहे. त्यावर कुणाचं काही म्हणणं नाही. तो स्वतःच तसं सांगून ठेवून गेला होता.

आदल्या दिवशी मंगळवार होता. मंगळवारी तो आधी बाजारात जायचा आणि मग सराव सुरू व्हायच्या आधी बँडची खोली उघडायला. मी त्याच्याबरोबर बाजारापर्यंत गेले, मला मासे घ्यायचे होते.

रुखसानाच्या दुकानात तो स्टुलावर बसला. तिनं सगळ्यात हलक्या सॉल्टची बाटली काढून ठेवली.

"ब्लॅककरंट आहे," ती म्हणाली.

"पुदिना दे."

"पुदिना संपलाय. उद्या येईल."

"मागच्या आठवड्यातही उद्याच येणार होता."

"मग उद्या या ना, अंकल नेव्ह. कुणी अडवलंय?"

"ब्लॅककरंट म्हणजे खोकल्याचं औषध. त्यासाठी मी दवाखान्यात गेलो असतो."

"तिथं तुमची कुरकुर कोण ऐकतं? इथं मी ऐकते, म्हणून येता."

दोघं असे भांडत राहिले. माझे मासे घेऊन झाले होते, मी म्हटलं ते खराब होतील, चल. त्यानं ब्लॅककरंट घेतलं, खिशात टाकलं आणि वरच्या रस्त्याला लागला. वाटेतल्या एका भिंतीपाशी जरा थांबला, श्वास घेतला, पुढं गेला. दर मंगळवारसारखं बँडच्या खोलीचं कुलूप उघडलं, हीटर लावला, खुर्च्या अर्धगोलात मांडल्या, ब्रेंडाची आपल्या शेजारी. मग किटलीत पाणी भरलं आणि बाकीच्यांची वाट बघत बसला.